भाग बदलला, दोष कोणी शोधायचा?

शासकीय वाहनांच्या दुरुस्तीच्या फायली ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना एक वाक्य तोंडपाठ असते. "सदर वाहनाचा अमुक भाग नादुरुस्त झाल्याने नवीन भाग बसविण्यास मंजुरी मिळावी." मी ज्या ज्या राज्यांत आणि ज्या ज्या भाषांत ही टिपणी वाचली, तिथे तिचा साचा एकच होता. या वाक्याला कर्ता नाही. भाग नादुरुस्त आहे हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले, काय मोजून ठरवले, यांपैकी काहीही त्यात नसते आणि ते विचारण्याची रीतही नाही. दरपत्रके मागवली जातात, भाग येतो, बसतो, देयक पारित होते, फाईल बंद होते. गाडी खरोखर बरी झाली का, हा प्रश्न फाईलीच्या कक्षेबाहेरचा असतो.

माझे म्हणणे असे की आपले प्रशासन सुटे भाग विकत घेते, निदान विकत घेत नाही. निदान हा खर्चाचा विषय आहे हेच त्याला मान्य नाही. त्यामुळे एकच भाग ते दोनदा, तीनदा विकत घेते आणि प्रत्येक वेळी नियमांचे काटेकोर पालन करते. हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम अल्टरनेटरसारखी क्षुल्लक वस्तू घेत आहे. धरण, महामार्ग किंवा संगणकीकरणाचे उदाहरण घेतले की चर्चा लगेच धोरणाकडे वळते आणि मूळ मुद्दा निसटतो.

अल्टरनेटर म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. जुने मिस्त्री आणि चालक अजूनही त्याला डायनमो म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, वीज निर्माण करतो, गाडीचे दिवे, पंखे, भोंगा चालवतो आणि उरलेल्या विजेने बॅटरी भरतो. त्याच्या आत तयार होणारी वीज उलटसुलट दिशेची असते. ती एकाच दिशेने वाहावी म्हणून आत डायोड बसवलेले असतात, म्हणजे विजेसाठी एका बाजूनेच उघडणाऱ्या झडपा. दाब किती ठेवायचा ते आतला नियंत्रक ठरवतो. मिस्त्रींच्या भाषेत हा 'कटआऊट'. निरोगी बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. हे दोन आकडे पाहायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि दोन मिनिटे लागतात.

आता प्रत्यक्ष घडलेले सांगतो. २०११ मध्ये मी दक्षिण ओडिशातील एका डोंगराळ जिल्ह्यात काम करीत होतो. तेथील एका आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेसाठी नवा अल्टरनेटर घेण्याचा प्रस्ताव माझ्यापुढे आला. प्रस्ताव निर्दोष होता. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, लेखा शाखेची सहमती, सगळे जागच्या जागी. फक्त फाईल मागे चाळत गेले की दिसत होते की चौदा महिन्यांत याच गाडीसाठी दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर घेऊन झाले होते. हा तिसरा. प्रत्येक टिपणीत तेच कर्ताहीन वाक्य.

मधल्या काळात चालकाने आपली व्यवस्था करून घेतली होती. गाडी तो नेहमी उतारावर उभी करी, म्हणजे सेल्फ न लागला तरी ती गडगडत सुरू होई. रुग्ण घेण्यासाठी पाड्यावर गेला की इंजिन बंदच करीत नसे. रात्री बाळंतीण नेताना आतला दिवा आणि पंखा बंद ठेवून फक्त पुढचे दिवे लावी. ज्यांनी देशाच्या दुर्गम भागांत नोकरी केली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. उतारावर उभ्या केलेल्या सरकारी गाड्या मी अनेक राज्यांत पाहिल्या आहेत. पण त्या बंद केलेल्या दिव्याचा अर्थ काय होता? मागे बसलेल्या परिचारिकेला रक्तस्राव होतो आहे की नाही हे दिसत नव्हते.

तिसऱ्या अल्टरनेटरला मंजुरी देण्याआधी मी फक्त इतकेच लिहिले की बॅटरीवर आणि अल्टरनेटरवर किती व्होल्ट मिळतात ते मोजून कळवावे. या शेऱ्याने फाईल अकरा दिवस अडली, कारण मोजायचे कोणी हे ठरेना. अखेर तालुक्याच्या गावातील एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने चाळीस मिनिटांत जे शोधले ते असे.

गाडीत त्या वेळी बसलेला, म्हणजे दुसऱ्यांदा बदललेला, अल्टरनेटर चांगला होता. त्याच्या स्वतःच्या टोकाशी सव्वाचौदा व्होल्ट मिळत होते. परंतु पुढचे दिवे आणि पंखा लावून बॅटरीच्या टोकांवर मोजले तर जेमतेम तेरा. मधले सव्वा व्होल्ट कुठे गेले? काही जाड तारेच्या काळ्या पडलेल्या टोकात आणि उरलेले इंजिनापासून सांगाड्याकडे जाणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. चांगल्या गाडीत ही घट अगदी थोडी असते. धन बाजूला अर्ध्या व्होल्टहून आणि अर्थिंगच्या बाजूला ०.२ व्होल्टहून ती अधिक आढळली की तारा तपासायच्या, असा साधा ठोकताळा आहे. अल्टरनेटरचा नियंत्रक स्वतःच्या टोकाशी दाब पाहतो. तिथे सव्वाचौदा आहेत म्हटल्यावर त्याच्या मते सर्व आलबेल. बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळण्याचे साधनच नाही. (आपल्या विभागांचे मासिक अहवाल मला या ठिकाणी आठवले, पण तो वेगळा विषय.)

मग पहिल्यांदा बदललेला अल्टरनेटर का काढला होता? तो भांडारात पडून होता. इलेक्ट्रिशियनने तोही तपासला. त्यातील एक डायोड आरपार झाला होता, म्हणजे झडप कायमची उघडी राहिली होती. अशा अल्टरनेटरमध्ये दोन गोष्टी घडतात. इंजिन चालू असताना वीज कमी मिळते आणि घूं घूं असा आवाज येतो. इंजिन बंद असताना बॅटरीची वीज त्या उघड्या झडपेतून मागे शिरते आणि आतल्या चुंबकीय गुंडाळीतून रात्रभर वाहत राहते. तीन-चार अँपिअर वाहिले तरी बारा तासांत सुमारे चाळीस अँपिअर-तास जातात. एवढ्यात त्या आकाराची बॅटरी सकाळपर्यंत निम्म्याहून अधिक रिकामी होते. म्हणजे हा बदली भाग मुळातच सदोष आला होता, किंवा बसवल्यावर लवकरच सदोष झाला होता. तो बसवला तेव्हा इंजिन सुरू करताच डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझला, एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले होते. तो दिवा विझणे हा चार्जिंगचा पुरेसा पुरावा नव्हे. मात्र चावी काढल्यावरही तोच दिवा मंद जळत राहिला, तर तो नेमका या दोषाचा पुरावा असतो.

आणि कारखान्यातून गाडीबरोबर आलेला, सर्वांत आधी 'नादुरुस्त' ठरवून काढलेला अल्टरनेटर? तोही भांडारात होता. त्याचे कार्बन थोडे झिजले होते. बाकी तो ठणठणीत होता. मूळ दोष पहिल्या दिवसापासून त्या तारेत आणि अर्थिंगच्या पट्टीत होता.

यातील सर्वांत बोचणारी गोष्ट मला नंतर कळली. चालकाने हे सर्व सांगितलेले होते. "आज्ञा, गाडी रात्रभर उभी असते तरी सकाळी डायनमो कोमट लागतो," असे तो दोनदा कार्यालयात येऊन बोलला होता. उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट का असेल, या एका प्रश्नात संपूर्ण निदान होते. ते कुठे नोंदले गेले? कुठेही नाही. वाहनाच्या लॉगबुकात तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, इंधन, प्रयोजन आणि वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही, एवढेच रकाने असतात. गाडीला काय होते आहे हे लिहायला त्यात जागा नाही. लॉगबुक ही गाडीची नोंदवही नसून चालकावर पाळत ठेवण्याची वही आहे.

हा किस्सा मी सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा तीन ठरावीक उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर म्हणजे सर्वात कमी दराच्या निविदेचा शाप. नियमच असे आहेत की स्वस्तातले घ्यावे लागते आणि स्वस्त ते टिकत नाही. हे उत्तर अधिकाऱ्यांना प्रिय आहे, कारण त्यात त्यांचा काही दोष निघत नाही. पण मागणीपत्रात काय लिहिले होते ते पाहा: 'अल्टरनेटर, १२ व्होल्ट, १ नग'. किती अँपिअरचा? कप्पी किती व्यासाची, किती खाचांची? कप्पी मोठी असेल तर अल्टरनेटर हळू फिरतो आणि इंजिन नुसते धडधडत उभे असताना चार्जिंग होत नाही. रुग्णवाहिका तर निम्मा वेळ तशीच उभी असते. शिवाय आपल्याकडील अनेक डिझेल जीपगाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर निर्वात पंप बसवलेला असतो आणि ब्रेकला जोर मिळतो तो त्या पंपामुळे. पंपाचे सील गळू लागले की तेल अल्टरनेटरमध्ये शिरून कार्बन खराब होतात. पंपच कमी पडला तर घाटात ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. कार्यालयाच्या लेखी मात्र हा 'विद्युत भाग'. मोघम वर्णनाला मिळणारा सर्वात कमी दर हा सर्वात मोघम मालाचाच असणार. यात नियमाचा काय दोष? सर्वसाधारण वित्तीय नियमावली २०१७ मधील नियम १४४ स्पष्ट सांगतो की खरेदी करावयाच्या वस्तूचे वर्णन कार्यालयाची विशिष्ट गरज लक्षात घेऊन नेमकेपणाने लिहावे. राज्यांच्या वित्तीय नियमांचा आत्माही वेगळा नाही. केंद्रीय वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाविषयी सूचना काढून ठरावीक बाबतींत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याचा मार्ग मोकळा केला. चांगलेच झाले. पण ज्या कार्यालयाला आपल्याला काय हवे आहे हे लिहिता येत नाही, ते गुण कशाला देणार?

दुसरे उत्तर चोरीचे. चालक आणि मिस्त्री संगनमताने चांगले भाग विकतात आणि जुने बसवतात. असे घडते, मी नाकारत नाही. पण या संशयावर आपण उपाय कोणता केला? सह्या वाढवल्या. एका अल्टरनेटरच्या फाईलीवर सात सह्या होत्या आणि त्यांपैकी एकाही सही करणाऱ्याने बॉनेट उघडलेले नव्हते. काढलेल्या आणि बसवलेल्या भागाचा अनुक्रमांक आणि व्होल्टचा आकडा लिहिण्याची सक्ती केली असती तर चोराची अधिक अडचण झाली असती. लेखापरीक्षकही याच चाकोरीतले. ते दरपत्रके तीन होती का, तुलनात्मक तक्त्यावर सही आहे का, जुना भाग भांडारात जमा झाला का, हे पाहतात. चौदा महिन्यांत दोन अल्टरनेटर लागले यावर आक्षेप निघालाच, तर 'टाळता येण्याजोगा खर्च' एवढे लिहून ते थांबतात. तो कशाने टाळता आला असता, हे विचारणारा परिच्छेद माझ्या पाहण्यात नाही.

इथे हमीचाही प्रश्न आला. डायोड फुटलेला अल्टरनेटर हमीच्या मुदतीत होता. तो दुकानदाराला परत करून बदलून घेता आला असता. पण मूळ पावती देयकासोबत कोषागारात गेलेली. हाती पावती नाही, दोष काय याचा कागद नाही. मग काय करायचे? सदोष नवा भाग 'जुना भाग' म्हणून भांडारात जमा करायचा आणि यथावकाश भंगारात काढायचा. खाजगी गाडीचा मालक दुसऱ्याच दिवशी तो अल्टरनेटर पिशवीत घालून दुकानाच्या दारात उभा राहिला असता. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या पैशाबाबत जी दक्षता घेतो तीच शासकीय पैशाबाबत घ्यावी, असे त्याच नियमावलीतील नियम २१ सांगतो. विभागीय परीक्षेसाठी आपण सर्वांनी तो पाठ केला आहे.

तिसरे उत्तर अलीकडचे: गाड्या ठेवूच नका, भाड्याने घ्या. कार्यालयीन मोटारींपुरते ते ठीक आहे. परंतु पोलिसांची गस्तीची गाडी, अग्निशमन बंब, वनविभागाची जीप आणि फिरता दवाखाना सगळे कंत्राटावर गेले तरी दोष नाहीसा होत नाही, फक्त आपल्या नजरेआड होतो. कंत्राटात गाड्यांची संख्या आणि किलोमीटर मोजले आणि हाक आल्यावर गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली का हे मोजले नाही, तर चालक पुन्हा उतार शोधणारच.

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकांना दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा ही एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळांची नावे परिचित असतील. एस.टी.वर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण देशभरच्या राज्य परिवहन उपक्रमांनी एक शिस्त पाळली: दर दहा हजार किलोमीटरमागे किती वेळा गाडी रस्त्यात बंद पडली हा आकडा ते काढत आले. त्यांच्या संघटनेने सुट्या भागांचे दरकरार केले आणि भोसरीच्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेत, जी १९६७ मध्ये सुरू झाली, भाग तपासण्याची सोय उभी राहिली. तमिळनाडूत शासकीय वाहनांच्या देखभालीसाठी स्वतंत्र खाते आणि त्याच्या कार्यशाळा आहेत. जिथे कोणीतरी मोजते तिथे निदान होऊ शकते. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या सुट्या गाड्यांना मात्र वाली नाही.

शिवाय ही कल्पना आपल्या प्रशासनाला परकी मुळीच नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात मापनपुस्तिका असते. दहा फुटांची भिंत बांधली तरी अभियंत्याने ती प्रत्यक्ष मोजून, तारखेसह पुस्तिकेत लिहून, सही केल्याशिवाय ठेकेदाराला पैसे मिळत नाहीत. मापनपुस्तिकेत लबाड्या होतात हे मान्य. पण पकडल्या जातात त्याही तिच्यामुळेच. भिंतीसाठी जे दीडशे वर्षांच्या परंपरेने सक्तीचे मानले, ते ज्या गाडीवर माणसाचा जीव अवलंबून आहे तिच्यासाठी का नको? चार आकडे पुरेत. भाग बदलण्यापूर्वी इंजिन बंद असताना बॅटरीवरचे व्होल्ट. इंजिन चालू आणि दिवे-पंखे लावलेले असताना बॅटरीवरचे व्होल्ट. त्याच वेळी अल्टरनेटरच्या टोकाशी किती. आणि रात्री सर्व बंद असताना बॅटरीतून किती वीज गळते. हेच चार आकडे नवा भाग बसवल्यावर पुन्हा. गळती पन्नास मिलिअँपिअरच्या आत असायला हवी. ती अँपिअरांत निघाली तर देयक थांबवावे आणि भाग दुकानदाराकडे परत पाठवावा. लॉगबुकात 'चालकाचे निरीक्षण' असा एक रकाना वाढवावा आणि मंजुरीच्या टिपणीसोबत त्याची प्रत लावावी. चालकाला लिहिता येत नसेल तर कारकुनाने विचारून लिहावे.

उलट दिशेने पाहिले तर आज हे अधिक निकडीचे आहे. २०११ मधील त्या गाडीचे डिझेल इंजिन जुन्या धाटणीचे होते. एकदा सुरू झाले की वीज जवळजवळ नसतानाही ते चालत राही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. आजच्या इंजिनांत इंधन किती आणि कधी सोडायचे हे विजेवर चालणारा संगणक ठरवतो. व्होल्ट एका मर्यादेखाली गेले की इंजिन बंद पडते. उतार असो, दहा माणसे धक्का मारायला असोत, काही उपयोग नाही. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही, त्यामुळे चालकांना ज्यांच्या सवयी माहीत होत्या त्या जुन्या गाड्या झपाट्याने जात आहेत. चालकाची युक्ती हीच आजवर आपली खरी देखभाल-यंत्रणा होती. ती आता चालणार नाही.

मराठीत 'बदली' हा शब्द सुट्या भागालाही लावतात आणि अधिकाऱ्यालाही, हे बरेच बोलके आहे. रुग्णालयात औषधे मिळत नाहीत, अधीक्षक बदला. धान्यवाटप अडले, पुरवठा अधिकारी बदला. नवा आला की तांबडा दिवा विझतो, वर्तमानपत्रात बातमी येते. दोष तारेत असतो.

त्या इलेक्ट्रिशियनचे काय झाले तेही सांगायला हवे. त्याच्या देयकात तारेचे टोक आणि अर्थिंगची पट्टी यांची किरकोळ किंमत होती आणि खाली वेगळी ओळ होती: 'तपासणी, मजुरी'. लेखा शाखेने तारेचे आणि पट्टीचे पैसे लगेच मंजूर केले. 'तपासणी'पुढे मात्र पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून विचारणा केली की या रकमेबदल्यात कोणती वस्तू प्राप्त झाली आणि ती भांडार नोंदवहीत कोणत्या पानावर घेतली आहे. मी त्या प्रश्नाखाली चारही आकडे लिहिले आणि देयक पारित करण्यास सांगितले. रक्कम मिळायला त्याला दोन महिने लागले.